लोको शेडचं पाणी

माझ्या लांब गेलेल्या नातवंडांनो,

हे तुम्हा दोघांसाठी एकत्रच लिहिते आहे. वेगवेगळं लिहिलं तर एकाच्या पत्रात काहीतरी गाळायचा मोह होईल, आणि हे मला काही न गाळता लिहायचं आहे.

आत्ताच का, तेही सांगते. गेल्या महिन्यात ताईने मला तिच्या प्रयोगशाळेतला फोटो पाठवला. काचेच्या बोटभर कुपीत दुधासारखं काहीतरी, आणि कुपीला चिकटवलेल्या कागदावर तिचं नाव. मी विचारलं, हे काय? ती म्हणाली, "आजी, हे मीठच आहे, पण खोलीतल्या उबेला पातळ राहणारं मीठ. तेलासारखं दिसतं. त्याचे बारीक थेंब आम्ही पाण्यात पसरवतो आणि ते महिनोन् महिने एकमेकांत मिसळू देत नाही." उपयोग काय, असं विचारलं, तर म्हणाली की जी औषधं पाण्यात विरघळत नाहीत ती या थेंबांतून शरीरात नेता येतील का ते पाहतात. रंगाच्या कारखान्याच्या सांडपाण्यातला रंगही हे थेंब ओढून घेतात. थेंबांच्या अंगावर सारखा विद्युतभार असतो, म्हणून ते एकमेकांना दूर ठेवतात.

मी सहज विचारलं, "पाणी कुठलं वापरता?"

ती मग म्हणाली, "आजी, हा प्रश्न आमच्या सरांनी पहिल्या दिवशी विचारला होता. पाण्यात क्षार असले की सगळं फुटतं. तुला कसं माहीत?"

मी तेव्हा काहीतरी सांगून विषय बदलला. मला कसं माहीत, ते इथे लिहिते. कुणाचंही नाव लिहिणार नाही. जिचं नाव लिहायला हवं ते मी एकदा लिहिलं होतं, आणि पुढे काय झालं ते तुम्ही वाचालच.

आम्ही तेव्हा पूर्णेला राहत होतो. तुमचे आजोबा रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होते आणि मी गावातल्या हायस्कुलात शास्त्र शिकवत होते. माझं शिक्षण हैदराबादला, इंग्रजीतून झालं होतं. त्याचा मला बराच ताठा होता. घरातल्या डब्यांवर मी इंग्रजीत चिठ्ठ्या लावायची आणि शाळेतल्या प्रयोगांची वही तारीख, वार, वेळ टाकून लिहायची. कामं ठरल्या दिवशी झालीच पाहिजेत, हा माझा नियम. तुमचे आजोबा थट्टेने म्हणायचे, "गाड्या उशिरा येतात म्हणून स्टेशन मास्तरला तुझ्या वर्गात बसवायला पाहिजे."

आठवीच्या वर्गात मी एक प्रयोग करून दाखवायची. परीक्षानळीत पाणी आणि थोडं तेल घालायचं, हलवायचं. हलवणं थांबलं की तेल पुन्हा वर. मग साबणाचा चुरा टाकून हलवायचं. या वेळी तेल वर येत नाही, सगळं पांढुरकं होऊन तसंच राहतं. मुली टाळ्या वाजवायच्या.

एका शनिवारी शाळा सुटल्यावर एक बाई दारात उभी राहिली. माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई. नवरा लोको शेडमध्ये खलाशी, म्हणजे इंजिनांची साफसफाई आणि पाणी भरायचं काम करणारा. ती स्वतः गावातल्या एका खाजगी बाळंतपणाच्या दवाखान्यात आया होती. बौद्ध वस्तीत राहायची. शिक्षण चौथीपर्यंत, वय माझ्याएवढंच.

"बाई, पोरीनं सांगितलं, तेल पान्यात ऱ्हातंय म्हणून. खरं हाय का?"

"साबण घातला तर राहतं."

"किती दिवस?"

हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. मी खरं ते सांगितलं, की मी तास संपेपर्यंतच पाहिलं आहे.

ती आत येऊन बाकावर बसली. "आमच्या दवाखान्यात फिनेल येतंय बगा, नांदेडवरनं. पांढरं. निस्तं पानी हाय ते, वासच न्हाई. डॉक्टरीणबाई रोज वराडतेत. मी बाटली हलवून बगितली, तर तुमच्या त्या नळीवानीच. मग म्हनलं, आपल्याला करता येईल का न्हाई?"

अशी आमची सुरुवात झाली. कल्पना तिची होती, हे मी मुद्दाम लिहून ठेवते. पुढे लोक म्हणायचे की बाईंनी त्या आयाला काम शिकवलं. तसं नव्हतं.

आमच्या भाड्याच्या घरामागे पत्र्याची पडवी होती. रविवारी दुपारी तिथे आम्ही काम करायचो. राळ कुटून ती एरंडेलात मंद आचेवर विरघळवायची, तीत कास्टिक सोड्याचं पाणी जपून ओतायचं. त्याचा तांबूस, मधासारखा साबण व्हायचा. त्यात पाइनचं तेल मिसळायचं आणि मग पत्र्याच्या मोठ्या डब्यात ताकाच्या रवीने घुसळत घुसळत बारीक धारेने पाणी घालायचं. बराच वेळ काहीच होत नाही. मिश्रण घट्ट होत जातं. मग एका क्षणी, अगदी डोळ्यांसमोर, सगळं पांढरं होतं. ती त्या क्षणाची वाट बघत रवी फिरवायची आणि पांढरं झालं की म्हणायची, "व्याली गं बाई!"

माझ्या सासूबाई ओट्यावरून बघत असायच्या. त्या एकदा म्हणाल्या, "आम्ही घुसळतो ते लोणी वेगळं काढायला. तुम्ही घुसळता ते तेल आत कोंबायला. सगळं उलटंच."

पण तिसऱ्या दिवशी ते फाटायचं. वर तेल, खाली गढूळ पाणी आणि मध्ये चिकट साका. मी वहीत लिहायची: साबण वाढवला, फाटलं. तेल कमी केलं, फाटलं. जास्त वेळ घुसळलं, फाटलं. सहा वेळा असं झालं. मग मी नियम केला की प्रत्येक घाण्याची एक बाटली तीन दिवस खिडकीत ठेवायची, आणि तीन दिवस टिकली तरच तो घाणा चांगला.

सातव्या वेळी ती फाटलेली बाटली हातात धरून उन्हाकडे बघत होती. आत स्वयंपाकघरात सासूबाई डाळीला नावं ठेवत होत्या. आमच्या अंगणातल्या विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ शिजायचीच नाही. दोन तास चूल पेटवा, दाणा दाताखाली यायचाच.

ती म्हणाली, "बाई, पानी जड हाय तुमचं."

"म्हणजे?"

"डाळ शिजंना ज्या पान्यात, त्या पान्यात हे काय टिकतंय? आमच्या घरी डाळ कशी लोण्यावानी व्हती. आमचे मालक शेडमधलं पानी आणतेत. इंजिनाचं."

मी कपाळावर हात मारून घेतला. कठीण पाणी आणि मृदू पाणी हा धडा मी दर वर्षी शिकवत होते. पाण्यात चुन्याचे क्षार असले तर साबण त्यांच्याशी बांधला जातो आणि साका होऊन बसतो, हे मी फळ्यावर लिहून देत होते. इंजिनाच्या बॉयलरमध्ये असं पाणी घातलं तर आत खपली धरते, म्हणून शेडमध्ये पाणी सोडा आणि चुना घालून मऊ करून मगच टाकीत चढवतात, हेही पुस्तकात होतं. ते शेड माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर होतं. आणि मला ते डाळीवरून कळलं, तेही तिच्याकडून.

"बाई, तुमी शिकवता काय मग शाळंत?" ती हसत हसत म्हणाली.

पुढच्या रविवारी तिने शेडच्या टाकीखालच्या गळक्या नळाचे दोन कॅन भरून आणले. तो घाणा तीन दिवस टिकला. मग आठ दिवस. मग महिना. बाटली खिडकीत तशीच पांढरी.

इथे एक गोष्ट कबूल करायची आहे. त्यानंतर दर आठवड्याला ते मऊ पाणी माझ्या पडवीत यायचं, आणि आत माझी डाळ कच्चीच राहायची. त्या कॅनमधलं तांब्याभर पाणी मी कधी डाळीत घातलं नाही. कुणी मनाई केली नव्हती. मनाई करावी लागतच नव्हती. मी तिला अगं-तुगं करायची आणि ती मला अहो बाई म्हणायची, त्याचाही मी कधी विचार केला नव्हता.

१९७८च्या उन्हाळ्यात तिने डॉक्टरीणबाईंना नमुन्याची बाटली दिली. त्यांनी ती वापरून बघितली आणि वर्षभराचं काम द्यायची तयारी दाखवली. पहिला माल ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पोचवायचा, तो चांगला निघाला तर पुढचं पक्कं. मी लेबलं लिहायला बसले. इंग्रजीत आणि मराठीत "पांढरे फिनाईल" लिहिलं, खाली "बनविणारे" लिहून थांबले.

"कुणाचं नाव घालू? तुझ्या मालकांचं?"

ती म्हणाली, "न्हाई. माझं. माझ्या बापाच्या नावासगट घाला. सगळं ल्हिवा, मोट्या अक्षरात."

मी लिहिलं. तिने एक लेबल उचललं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "बाई, माझं नाव रेशन कार्डावर हाय, तिथं ते मालकाच्या खाली हाय. एकटं असं कुटंच न्हाई."

त्या दिवशी तिने नमुन्याची एक बाटली घरी नेली. तिच्यावर पहिलं लेबल चिकटवलं होतं.

पुढचं तुम्हाला ठाऊक असेलच असं नाही, म्हणून थोडक्यात सांगते. त्या जुलैच्या अखेरीस आमच्या भागातल्या विद्यापीठाचं नाव बदलायचा ठराव झाला, आणि मराठवाडाभर बौद्ध वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. घरं जाळली. माणसं मारली. आपलं गाव तसं शांत होतं, पण शांत म्हणजे बाजारात लोक एकमेकांकडे न बघता भाजी घेत होते. तिचा भाऊ जिंतूर तालुक्यातल्या एका खेड्यात राहायचा. त्याचं घर जळालं, असा निरोप आला. ती मिळेल त्या गाडीने तिकडे गेली. जाताना मागच्या दाराशी येऊन एवढंच म्हणाली, "बाई, मी आल्याबिगर पानी घालू नका. उशीर झाला तर हू द्या. डॉक्टरीणबाईला मी सांगते."

साबण आणि तेल तयार होतं. फक्त पाणी घालून घुसळायचं बाकी होतं. कॅन रिकामे होते.

चार दिवस गेले, ती आली नाही. माल पोचवायचा दिवस दोन दिवसांवर आला. तुमच्या आजोबांनी मला सांगितलं, "काही दिवस वस्तीकडं जाऊ नकोस. आणि इकडंही कुणाला बोलावू नकोस. शेजारपाजारचे बघायलेत." ते भित्रे नव्हते, पण त्या दिवसांत सगळेच असं बोलत होते.

त्याच दुपारी तिची मुलगी मागच्या दाराशी आली. शाळेचाच फ्रॉक, हातात रिकामा कॅन.

"बाई, आई अजून आली न्हाई. तुमाला पानी पायजे असंल तर बाबा आणून देतेत म्हनले."

मी तिच्या डोक्यावरून समोर बघितलं. शेजारच्या दोन दारांत बायका उभ्या होत्या. मी म्हणाले, "नको. पाण्याचं झालंय."

ती पोर कॅन घेऊन परत गेली.

झालं काहीच नव्हतं. मी स्वतःची समजूत घातली की पाऊस बरा झालाय, विहीर वर आलीय, पाणी मऊ झालं असणार. थोडं पाणी घेऊन त्यात साबण फेसून बघितला. फेस आला. परीक्षा झाली, असं मी वहीत लिहिलं. त्या दुपारी जेवताना तुमचे आजोबा म्हणाले होते, "डाळ आजही कच्चीच." ते मी ऐकलं होतं. ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

मी विहिरीचं पाणी घालून घुसळलं. ते पांढरं झालं. तीन दिवस खिडकीत ठेवायला वेळच नव्हता, कारण तारीख पाळायची होती. माझा नियम मीच केला होता आणि तो मीच मोडला, तोही वेळेवर काम करण्याच्या दुसऱ्या नियमासाठी. डबे भरले, प्रत्येकावर तिच्या नावाचं लेबल नीट, सरळ रेषेत चिकटवलं आणि हातगाडीवाल्याकडून ठरल्या दिवशी दवाखान्यात पोचते केले. मला फार समाधान वाटलं होतं. ती संकटात आहे, तिचं काम मी अडू दिलं नाही, असं.

ती आठव्या दिवशी आली. भाऊ, भावजय आणि त्यांची दोन मुलं बरोबर होती. भावाच्या घरातून काय वाचलं ते मी विचारलं. "दाराची कडी," ती म्हणाली. तिच्या पिशवीत होती ती.

दुसऱ्याच दिवशी दवाखान्यातून बोलावणं आलं. ती मला घ्यायला आली आणि आम्ही दोघी गेलो. कोठीची व्यवस्था डॉक्टरीणबाईंची थोरली नणंद बघायची. तिने एका डब्याचं झाकण काढून ठेवलं होतं. वर पिवळं तेल, खाली पाणी, कडेला साक्याच्या गुठळ्या.

"हे काय द्यायलात आमाला?" नणंद म्हणाली. "बाळंतिणीच्या खोलीत फरशीवर तेलच तेल. दुसरी आया घसरून पडली, बरं झालं हातात लेकरू नव्हतं."

मी डब्यात बघत राहिले.

"नाव बघा किती मोठं टाकलंय," तिने लेबलावर बोट आपटलं. "विद्यापीठाला नाव पायजे, बाटलीला नाव पायजे. आदी आतला माल तर धड करा!"

डॉक्टरीणबाई दारात उभ्या होत्या. त्या चांगल्या बाई होत्या. त्यांनी नणंदेला हाताने गप्प केलं आणि माझ्या जोडीदारणीला विचारलं, "काय झालं गं? नमुना तर छान होता."

मी बोलायला हवं होतं. एकच वाक्य होतं, आणि ते इंग्रजीत किंवा मराठीत, कसंही मला नीट सांगता आलं असतं. पाणी मी घातलं, ही नव्हती, हिने थांबायला सांगितलं होतं. डॉक्टरीणबाईंनी ते ऐकून घेतलं असतं. माझ्या शब्दाला तिथे किंमत होती. मी माझ्या पायांकडे बघत होते. मला नणंदेच्या तोंडून शाळेत, शाळेतून गावात जाणारी गोष्ट दिसत होती. शास्त्राच्या बाईंना पाणी ओळखता आलं नाही. शास्त्राच्या बाई वस्तीतल्या बाईबरोबर धंदा करतात, आणि तो या दिवसांत.

तिने माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. मग ती म्हणाली, "पानी चुकलं, बाई. माझी चूक हाय. डबे मी परत नेते."

काम गेलं. आयाचं कामही तिने पुढच्या महिन्यात सोडलं. तिथे रोज तेच बोलणं ऐकावं लागायचं.

डबे हातगाडीवर घालून आम्ही परत येत होतो. रेल्वे फाटकाशी मालगाडी जात होती म्हणून थांबलो. तिने गाडीकडे बघतच मला विचारलं,

"बाई, त्या दिवशी डाळ शिजली होती का तुमची?"

"नाही."

तिने मान हलवली. गाडीचे डबे संपेनात. मी कसंबसं म्हणाले, "तू माझं नाव का नाही सांगितलंस?"

"डब्यावर नाव माझं होतं की," ती म्हणाली. "नाव माझं अन् चूक तुमची, असं कसं सांगू? मग ते नाव तरी माझं कसं?"

फाटक उघडलं. त्यानंतर ती माझ्या मागच्या दाराशी कधी आली नाही. रस्त्यात भेटली की थांबायची. "बरं हाय ना बाई?" "हो. तुझं?" "बरं हाय." एवढंच. मी त्या रात्रीपासून तिला मनातल्या मनात "तुम्ही" म्हणायला लागले, पण तोंडाने कधीच म्हटलं नाही.

मी डॉक्टरीणबाईंना पत्र लिहिलं. इंग्रजीत, कारण इंग्रजीत मला स्वतःबद्दल लिहायला कमी लाज वाटते. सगळं खरं लिहिलं. तारीख टाकली, घडी केली, पाकिटावर पत्ता घातला. ते टपालात टाकलं नाही. आज टाकू, सोमवारी टाकू, परीक्षा संपल्यावर टाकू. दोन वर्षांनी डॉक्टर नवरा-बायको पूर्णा सोडून गेले. पाकीट फिनेलच्या वहीत राहिलं. पुढे आजोबांची बदली झाली आणि आम्ही परभणीला आलो. तुमचा बाबा तिथेच मोठा झाला.

१९९४च्या जानेवारीत विद्यापीठाला अखेर नाव मिळालं. पेपरात फोटो होते, बायका एकमेकींना पेढे भरवत होत्या. मी प्रत्येक फोटोत तिचा चेहरा शोधत होते. आठवडाभराने मी आजोबांना म्हटलं, मी पूर्णेला जाऊन येते. ते म्हणाले, "सोळा वर्षं झाली." मी म्हटलं, "माहीत आहे." मी पेढ्यांचा पुडा घेतला आणि सकाळच्या गाडीने गेले.

वस्तीत मी त्या दिवशी पहिल्यांदा पाऊल टाकलं. इतकी वर्षं त्या गावात राहून पहिल्यांदा. घर विचारावं लागलं. दार तिच्या मुलीने उघडलं. ती आता परभणीच्याच एका दवाखान्यात नर्स होती, सुट्टीवर आली होती. तिने मला लगेच ओळखलं, पदर सावरून वाकली, आत बसवलं. भिंतीवर तिच्या आईचा फोटो होता. फोटोला हार होता.

"आदल्या पावसाळ्यात गेली, बाई. कावीळ झाली होती."

मी हातातला पुडा तसाच धरून बसले. मग तिला सगळं सांगितलं. विहिरीचं पाणी, तारीख, दवाखान्यातलं माझं गप्प राहणं. पत्राचंही सांगितलं. ती ऐकत होती. मी थांबले तेव्हा ती म्हणाली,

"मला ठाऊक होतं बाई. मीच आले होते न्हवं का पाण्याचं विचारायला? तुम्ही म्हणालात, झालंय. शेडमधनं तर कुणीच नेलं नव्हतं. आई गावाहून आली त्याच दिवशी मी तिला सांगितलं."

म्हणजे दवाखान्याच्या दारातून आत जातानाच तिला माहीत होतं. डब्याचं झाकण उघडायच्याही आधी. मला घ्यायला आली ती काही विचारायला आली नव्हती. मी स्वतःहून बोलते का, ते बघायला तिने मला सोबत नेलं होतं.

"तिनं मला बजावलं होतं," मुलगी पुढे म्हणाली, "बाईंसमोर यातलं अक्षरही काढायचं न्हाई. शिकून घे म्हणाली त्यांच्याकडं, चांगलं शिकवतेत. दहावीपर्यंत तुमच्याच वर्गात होते मी. समोरच्या बाकावर."

होती. मला आठवलं. तेल आणि साबणाचा प्रयोग मी त्या वर्षानंतर कधी करून दाखवला नाही. मी तो का दाखवत नाही, हे समोरच्या बाकावर एका मुलीला माहीत होतं.

तिने मला माफ केलं की नाही, ते मी विचारलं नाही, आणि तिनेही काही म्हटलं नाही. चहा दिला. मी तो प्यायले. निघताना ती कोनाड्यातून एक बाटली घेऊन आली. लाखेने बूच बंद केलेलं. "आईनं हलवू दिली न्हाई कधी कुणाला," ती म्हणाली. "पण आता घरात लहान पोरं हायत, चुकून उघडतील. तुमच्याकडं ठेवा. अक्षर तुमचंच हाय."

ताई, तू विचारलंस की मला कसं माहीत. असं माहीत. तुझ्या कुपीवर तुझं नाव बघितलं तेव्हा मला आधी आनंद झाला नाही, भीती वाटली. पाणी चांगलं घे. दुसऱ्या कुणाच्या नावाचं काम तुझ्या हातात आलं तर थांब, उशीर होऊ दे. आणि तुझ्याकडून काही फाटलं तर तिथेच, त्या खोलीतच सांगून टाक. पत्र लिहीन म्हणून घरी येऊ नकोस.

पूर्णेला आता वाफेची इंजिनं नाहीत, त्यामुळे ते पाणीही नाही. दवाखाना कधीच बंद झाला. तुमचे आजोबा गेले. माझी फिनेलची वही आहे, तीत न टाकलेलं पाकीट आहे. बाटली माझ्या कपाटात, दुसऱ्या कप्प्यात आहे. लेबलाचा कागद तपकिरी झालाय, पण तिचं नाव, तिच्या वडिलांच्या नावासकट, वाचता येतं. वर बोटभर तेल सुटलंय. खालचं अजून पांढरं आहे.